नोकरी देणारा काय वाचतो?

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकेतल्या काही नामवंत बिझनेस स्कूलांमध्ये एक चमत्कारिक संकेत रूढ झाला. नोकरीच्या मुलाखतीत आपले गुण कोणीही सांगायचे नाहीत, कंपनीने विचारले तरी सांगायचे नाहीत, असे विद्यार्थ्यांनी आपापसांत ठरवून टाकले. व्हार्टन, स्टॅनफर्ड, शिकागो अशा ठिकाणी हा संकेत पाळला गेला. हार्वर्डमध्येही तो काही वर्षे होता, पुढे तिथे त्याचा फेरविचार झाला. आता कंपन्यांनी यावर काय करावे? ज्या मालाची प्रतवारी सांगायला विकणारा नकार देतो तो माल घेऊ नये, हा बाजाराचा साधा नियम. पण कंपन्या येत राहिल्या, आणि नव्या पदवीधरांना इतरांच्या मानाने डोळे दिपतील असे पगार देत राहिल्या. या मुलाने दोन वर्षे वर्गात बसून काय मिळवले, हे कळले नाही म्हणून त्यांचे काही अडले नाही. तो त्या वर्गात जाऊन बसला होता, एवढे कळणे त्यांना पुरेसे होते.

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रकार ओळखीचा वाटायला हरकत नाही. पुस्तक न उघडता, मुखपृष्ठावरचे प्रकाशकाचे नाव पाहून अभिप्राय देणारे वाचक आपल्याकडेही आहेत. त्यांचा अभिप्राय दर वेळी चुकतोच असेही नाही. चांगला प्रकाशक निवडूनच पुस्तके काढतो. कंपनीचा भरती अधिकारी हा असाच एक वाचक आहे. बिझनेस स्कूल नावाच्या ग्रंथाचे तो नेमके काय वाचतो, आणि हे वाचन असे का घडत गेले, हा एका इतिहासाचा विषय आहे. तो पाहू लागले की व्यवस्थापन-शिक्षणाबरोबर आपल्या स्वतःच्या विद्यापीठीय व्यवहाराविषयीही काही गोष्टी लक्षात येतात.

या इतिहासाचे पहिले प्रकरण सहसा अमेरिकेत सुरू करतात. ते थोडे मागे, लंडनच्या पार्लमेंटात सुरू करावे असे मला वाटते. मेकॉले म्हटले की आपल्याला १८३५ चे शिक्षणविषयक टिपण आठवते. पण त्याआधी, १८३३ साली, कंपनी सरकारच्या सनदेवरील चर्चेत त्याने केलेले भाषण या विषयासाठी अधिक महत्त्वाचे आहे. हिंदुस्थानातील अधिकारी स्पर्धापरीक्षेने निवडावेत असा प्रस्ताव होता. ग्रीक-लॅटिन उत्तम येणारा तरुण मुलकी कारभार चांगला करील कशावरून, असा आक्षेप त्यावर येणे साहजिक होते. मेकॉलेचे उत्तर मोठे निर्मळ आहे. विषय कोणता, हा प्रश्नच नाही, असे त्याचे म्हणणे. ग्रीकऐवजी चेरोकी भाषा शिकवली जात असती, तरी जो ती इतरांहून चांगली शिकला असता तोच पुढे इतरांहून सरस माणूस ठरला असता. फलज्योतिष शिकवले जात असते, तरी तेच. म्हणजे ज्ञानाचा कामाशी संबंध असण्याची गरज नाही. ज्ञान ही फक्त उडी मारण्यासाठी बांधलेली आडवी काठी आहे. काठीवरून कोण जातो ते पाहायचे आणि त्याला नोकरी द्यायची. १८५५ पासून मुलकी सेवेच्या परीक्षा या तत्त्वावर सुरू झाल्या.

दरम्यान इथे, हिंदुस्थानात, १८४४ च्या ऑक्टोबरात लॉर्ड हार्डिंजने सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य देण्याचा ठराव केला होता. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८५९ साली पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. रानडे आणि भांडारकर त्या पहिल्या उत्तीर्णांतले. त्या पिढीने ज्ञानाचे काय केले हे आपण जाणतो. पण मामलेदार कचेरीच्या दृष्टीने मॅट्रिक म्हणजे काठी पार केलेला माणूस, एवढाच अर्थ होता. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात रयतेच्या कराचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो आणि प्राथमिक शिक्षण उपाशी राहते, हा मुद्दा होता. काठी कोणाच्या अंगणात रोवली आहे, हा तो प्रश्न. मेकॉलेच्या तर्कात या प्रश्नाला जागा नव्हती. व्यवस्थापन-शिक्षणाच्या चर्चेतही तो फार उशिरा आला.

अमेरिकेत मात्र सुरुवातीला उलटी स्थिती होती. १८८१ साली जोसेफ व्हार्टन या धातुउद्योगातल्या कारखानदाराने एक लाख डॉलरची देणगी देऊन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्यापारशिक्षणाची शाळा काढली, तेव्हा त्याच्याच बरोबरीच्या कारखानदारांना ही कल्पना हास्यास्पद वाटत होती. धंदा पेढीवर आणि भट्टीपाशी शिकायचा असतो अशी त्यांची श्रद्धा. अँड्र्यू कार्नेगीने कॉलेजात घालवलेली वर्षे धंद्याच्या दृष्टीने निव्वळ अपव्यय होत, असे मत उघडपणे मांडले होते. (त्याच कार्नेगीच्या पैशांवर पुढे विद्यापीठे आणि ग्रंथालये उभी राहिली, हा इतिहासाचा विनोद.) दुसऱ्या बाजूने विद्वानही नाके मुरडत होते. थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १९१८ साली लिहिलेल्या अमेरिकेतील उच्च शिक्षणावरच्या पुस्तकात व्यापारशाळेला विद्यापीठात असण्याचा जितका अधिकार आहे तितकाच व्यायामशाळेला आहे, अशा आशयाचा टोला लगावला आहे. व्यापारी म्हणत होते हे फार पुस्तकी आहे, पंडित म्हणत होते हे फार बाजारी आहे. या दोन तुच्छतांच्या मधल्या अरुंद जागेत १९०० साली डार्टमथमधील टक स्कूल आणि १९०८ साली हार्वर्डची शाळा उभी राहिली. एम.बी.ए. ही अक्षरे हार्वर्डची. तिथला पहिला डीन एडविन गे हा आर्थिक इतिहासाचा अभ्यासक होता, ही गोष्ट आज विसरली गेली आहे.

या पहिल्या पिढीचे स्वप्न काय होते, याचा शोध राकेश खुराना यांनी २००७ च्या आपल्या ग्रंथात घेतला आहे. व्यवस्थापन हा वैद्यकीसारखा, वकिलीसारखा एक पेशा व्हावा, त्याला स्वतःचे ज्ञान असावे आणि स्वतःची नीती असावी, अशी त्या लोकांची इच्छा होती. हार्वर्डने खटल्यांवरून कायदा शिकवण्याची पद्धत कायद्याच्या शाळेकडून उचलली आणि तिच्यातून उद्योगातले प्रत्यक्ष प्रसंग शिकवण्याची पद्धत घडवली, तीही या इच्छेपोटीच. पण वैद्यक आणि व्यवस्थापन यांत एक फरक राहिला, आणि माझ्या मते पुढचे सगळे त्या फरकातून निघाले. पदवीवाचून वैद्यकी करणाऱ्याला सरकार पकडते. पदवीवाचून कारखाना चालवणाऱ्याला कोणी पकडत नाही. उलट तो यशस्वी झाला तर त्याच्याच नावाने बिझनेस स्कूल निघते. दाराशी राज्यसंस्था उभी नसल्यामुळे व्यवस्थापनाच्या पदवीला परवान्याचे मोल कधीच आले नाही. तिचे मोल नोकरी देणारा मानील तेवढेच. डॉक्टरची पदवी कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नसते. एम.बी.ए. पहिल्या दिवसापासून त्या मर्जीवर जगत आला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत या शाळांचे पीक आले आणि १९५९ साली फोर्ड आणि कार्नेगी या दोन प्रतिष्ठानांच्या पाठबळाने दोन स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध झाले. दोघांचा निष्कर्ष जवळपास एकच: विद्यार्थी सामान्य, अध्यापक सामान्य, अभ्यासक्रम पाककृतींच्या वहीसारखा. उपाय म्हणून संशोधन, गणित, अर्थशास्त्र, मानसशास्त्र यांची भरती झाली. वर्गातले ज्ञान खरोखरच वाढले. आणि नेमक्या त्याच काळात, १९७३ साली, मायकेल स्पेन्स या तरुण अर्थशास्त्रज्ञाने मेकॉलेचे जुने म्हणणे समीकरणांच्या भाषेत पुन्हा मांडले. (मेकॉलेचे नाव त्याच्या मनात असेल असे वाटत नाही.) त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा: समोरचा उमेदवार कितपत गुणी आहे हे नोकरी देणाऱ्याला कळत नाही. गुणी माणसाला शिक्षण घेणे कमी कष्टाचे जाते, इतरांना जास्त. म्हणून शिक्षणाने उत्पादनक्षमतेत कणभरही भर पडली नाही असे मानले, तरी शिक्षण घेतल्याची खूण उपयोगी ठरते. तिच्यावरून गुणी माणूस ओळखू येतो. या विचारासाठी स्पेन्सला २००१ साली अकरलॉफ आणि स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर नोबेल मिळाले. मधल्या काळात, १९९० च्या दशकात, तो स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलचा डीन होता. शिकवण्याने काही घडते असे न मानताही पदवीची किंमत सिद्ध करणाऱ्या माणसाने शिकवणाऱ्या संस्थेचे प्रमुखपद सांभाळावे, यात मला विसंगती दिसते. त्याला ती दिसली असेल असे नाही. सिद्धान्तात गृहीत धरलेली गोष्ट आणि वस्तुस्थिती यांत फरक असतो, हे तोही जाणत होता.

स्पेन्सचे म्हणणे गणितात होते तोवर ठीक होते. १९८८ साली बिझनेसवीक नियतकालिकाने बिझनेस स्कूलांची क्रमवारी छापली आणि ते व्यवहारात उतरले. क्रम ठरवण्यासाठी त्यांनी दोघांना विचारले: नुकत्याच बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना, आणि त्यांना नोकरी देणाऱ्या कंपन्यांना. अध्यापकांना विचारले नाही. पहिला क्रमांक हार्वर्डला न जाता नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या केलॉगला गेला आणि एकच खळबळ उडाली. त्या दिवसापर्यंत नोकरी देणाऱ्याची मर्जी ही गप्पांत ऐकू येणारी, विखुरलेली गोष्ट होती. आता तिला आकडा मिळाला. क्रम वर जावा म्हणून संस्था नोकरी-साहाय्य विभाग वाढवू लागल्या, प्रवेशपरीक्षेतील सरासरी गुण वर कसे जातील ते पाहू लागल्या. दार जितके अरुंद तितका क्रम वर, आणि क्रम जितका वर तितकी दारापुढची रांग लांब. २००२ साली जेफ्री फेफर आणि क्रिस्टिना फाँग यांनी एक लेख लिहून प्रश्न केला की, पदवी किंवा तीतले गुण यांचा पुढच्या कारकिर्दीतील यशाशी फारसा संबंध दिसत नसेल तर या शाळा नेमके काय करतात? दोन वर्षांनी हेन्री मिंट्झबर्ग यांनी व्यवस्थापक आणि एम.बी.ए. या दोन वेगळ्या जाती आहेत असे सांगणारे पुस्तक लिहिले. पुस्तक खपले, आणि रांगही कमी झाली नाही.

समाजशास्त्रज्ञ लॉरेन रिव्हेरा यांचे २०१५ चे पुस्तक या संदर्भात सर्वांत बोलके आहे. बड्या सल्लागार कंपन्या, गुंतवणूक बँका आणि कायदाकंपन्या माणसे कशी निवडतात हे त्यांनी आत राहून, मुलाखती घेऊन पाहिले. भरती करणाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्व होते ते एखाद्या संस्थेत प्रवेश मिळाला याला. तिथल्या शिक्षणाविषयी त्यांना फारशी आस्था नव्हती. ते शिक्षण फार तात्त्विक असते, अशी त्यांची समजूतही दिसली. आणि प्रवेशानंतर जे पाहिले जाई ते छंद, खेळ, बोलण्याची लकब. थोडक्यात, हा माणूस आपल्यात शोभेल का. आता हे खेळ कोणते, तर ज्यांना मैदान, साहित्य आणि सवड लागते असे. रिव्हेरा स्वतः केलॉगमध्येच शिकवतात.

आपल्याकडे ही शोभण्याची गोष्ट व्यवस्थापनाच्या पदवीहून जुनी आहे. कलकत्त्याच्या आणि मुंबईच्या विलायती कंपन्यांत साहेबी हुद्द्यावरचा माणूस, ज्याला बॉक्सवाला म्हणत, तो निवडताना त्याला हिशेब येतो का हे दुय्यम होते. शाळा कोणती, क्रिकेट खेळतो का, काटेचमचे नीट धरतो का, हे आधी. प्रकाश टंडन यांनी आपल्या आत्मकथनात या जगाचे आतून चित्रण केले आहे. विलायतेत हिशेबशास्त्र शिकून ते १९३७ साली युनिलिव्हरच्या इथल्या कंपनीत लागले आणि १९६१ साली हिंदुस्थान लिव्हरचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. व्यापारशिक्षण तोवर इथे नव्हतेच असे नाही. मुंबईत १९१३ साली सिडनहॅम कॉलेज निघाले होते, डॉ. आंबेडकरांनी १९१८ ते १९२० या काळात तिथे अर्थशास्त्र शिकवले. पण बी.कॉम. झालेला मुलगा बँकेत नाहीतर हिशेबखात्यात जाई. त्याच्यासाठी साहेबाच्या खोलीचे दार नव्हते. टाटांनी १९५६ साली आपली स्वतंत्र प्रशासकीय सेवा सुरू केली, तीही मुलकी सेवेच्या धर्तीवर: हुशार तरुण निवडायचे आणि आपणच घडवायचे. काठी मेकॉलेची, मैदान खाजगी.

स्वातंत्र्यानंतरच्या नियोजनपर्वात व्यवस्थापक कमी पडणार हे दिसू लागले. जमशेदपूरला १९४९ मध्ये झेवियर संस्था, कलकत्त्याला १९५३ मध्ये समाजकल्याण व व्यवसाय-व्यवस्थापनाची संस्था निघाली होती. १९६१ साली दोन राष्ट्रीय संस्था आल्या, एक कलकत्त्याला, दुसरी अहमदाबादला. ही दुसरी आधी मुंबईत व्हायची होती. विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई यांनी ती अहमदाबादला नेली. मुंबईच्या वाट्याला विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ साली स्टॅनफर्डच्या साहाय्याने आली. कलकत्त्याचे नाते अमेरिकेतल्या एम.आय.टी.शी, अहमदाबादचे हार्वर्डशी, आणि दोन्हीकडे पैसा फोर्ड प्रतिष्ठानचा. प्रकाश टंडन अहमदाबादच्या उभारणीत होते. म्हणजे ज्यांनी पुढे माणसे घ्यायची त्या कंपन्या पायाभरणीपासूनच हजर होत्या.

एक तपशील मात्र नीट पाहावा असा आहे. या संस्था विद्यापीठ नव्हत्या, म्हणून त्यांना पदवी देता येत नसे. अहमदाबादहून आणि कलकत्त्याहून बाहेर पडणाऱ्याच्या हातात पदव्युत्तर पदविका असे, एम.बी.ए. नव्हे. कायद्याने संपूर्ण वैध अशी एम.बी.ए. पदवी राज्यातल्या विद्यापीठांकडे होती. २०१७ च्या अधिनियमाने आय.आय.एम.ना पदवी देण्याचा अधिकार मिळाला, तोपर्यंत पाच-साडेपाच दशके देशातला सर्वांत महागडा एम.बी.ए. हा एम.बी.ए. नव्हता, आणि एकाही कंपनीला त्याचे सोयरसुतक नव्हते. पदवी, तिचे नाव, तिच्यामागचे विद्यापीठ या ज्या गोष्टींना आपण शिक्षक मंडळी पवित्र मानतो त्यांतले काहीच नोकरी देणारा वाचत नव्हता, याहून स्पष्ट पुरावा कोणता द्यायचा?

तो प्रवेशपरीक्षा वाचत होता. पण हेही पहिल्यापासून नव्हते. अहमदाबादची पहिली तुकडी १९६४ साली आत आली आणि १९६६ साली बाहेर पडली, तेव्हा त्या दाराला अजून नाव नव्हते. त्या मुलांना ज्यांनी घेतले त्यांना मुलांकडेच पाहावे लागले असणार, त्यांना काय येते हे विचारावे लागले असणार. नवी संस्था असते तेव्हाच तिच्या शिकवण्याचे वाचन होते. नाव झाले की वाचन थांबते. सत्तरच्या दशकात सामायिक प्रवेशपरीक्षा आली, 'कॅट' हा शब्द घरोघर पोहोचला, आणि अलीकडे या परीक्षेसाठी वर्षाला तीन लाखांच्या आसपास नावे नोंदवली जातात. इतक्यांतून काही हजार. ही चाळणी कंपनीला फुकट मिळते. भरती अधिकाऱ्याच्या बाजूने न्याय करायचा तर म्हटले पाहिजे की त्याच्या हातात दोन दिवस असतात आणि समोर शेकडो अर्ज. लाखांची चाळणी कोणी आधीच करून ठेवली असेल तर तो ती का वापरणार नाही? त्यात पुष्कळदा तो स्वतः त्याच दारातून आलेला असतो.

रवी मथाई यांचा उल्लेख इथे केला पाहिजे, कारण या इतिहासाला दुसरे वळण मिळू शकले असते हे त्यांच्यामुळे कळते. १९६५ साली, चाळिशीच्या आत, ते अहमदाबादच्या संस्थेचे पहिले पूर्णवेळ संचालक झाले. अध्यापकांना स्वातंत्र्य दिले, शेती, शिक्षण, सार्वजनिक कारभार अशा क्षेत्रांत संस्थेला नेले, आणि १९७२ साली संस्था उत्तम चाललेली असताना पद सोडून साधे प्राध्यापक म्हणून तिथेच राहिले. आपल्या विद्यापीठांत पद सोडणाऱ्याची कथा इतकी दुर्मीळ आहे की ती दंतकथा वाटते. पुढे १९७५ पासून राजस्थानात अजमेर जिल्ह्यातल्या जवाजा या दुष्काळी भागात विणकर आणि चर्मकारांबरोबर त्यांनी काम केले, त्यात अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था सोबत होती. व्यवस्थापन हे कंपनीबाहेरच्या माणसांच्या, स्वतःच्या पायावर उभे राहू पाहणाऱ्या कारागिरांच्या उपयोगी पडते का, हा त्यांचा प्रश्न होता. म्हणजे या शिक्षणाचा वाचक कंपनीच असला पाहिजे असे नाही. १९८४ साली मथाई गेले. जवाजातल्या कारागिरांचे काम नंतरही चालू राहिले. पण संस्थेकडे येणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात जवाजा नसते, यात आश्चर्य कसले?

१९९१ नंतर चित्र आणखी गडद झाले. आधीच्या दशकांत हिंदुस्थान लिव्हरसारख्या कंपनीत प्रशिक्षणार्थी म्हणून लागणे ही सर्वोच्च गोष्ट मानली जाई. आता परदेशी बँका आणि सल्लागार कंपन्या आल्या. कॅम्पसवर 'डे झीरो' नावाचा दिवस अवतरला. मराठीत शून्याला दिवस नसतो, पण इथे तो पहिल्या दिवसाच्याही आधी येतो. कोणती कंपनी कोणत्या दिवशी येणार हे संस्था आणि विद्यार्थी ठरवू लागले: ज्यांचा पगार आणि दबदबा मोठा त्या आधी, बाकीच्या नंतर. एक मजेशीर उलटापालट झाली. कंपन्या शाळांची क्रमवारी लावत होत्या, तशी शाळाही कंपन्यांची लावू लागली, आणि दोघींची प्रतिष्ठा एकमेकींच्या आरशात वाढू लागली. मुलाखतीला कोणाला बोलवायचे हे ठरवताना कागदावर पाहिले जाई ते दहावीचे गुण, बारावीचे गुण, अभियांत्रिकी कोणत्या कॉलेजातून. म्हणजे दाराच्या मागचे आणखी एक दार, त्याच्यामागचे आणखी एक. व्यवस्थापन-शिक्षणाच्या दोन वर्षांचा या वाचनात पत्ता नाही.

याच काळात महाराष्ट्रात काय घडत होते? १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या कारकिर्दीत विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना मोकळीक मिळाली. आधी अभियांत्रिकी, मग हळूहळू व्यवस्थापन. १९८७ च्या कायद्याने अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेला वैधानिक अधिकार मिळाले. नव्वदीत आणि त्यानंतरच्या दशकात तालुक्यातालुक्यांत व्यवस्थापन संस्थांच्या पाट्या लागल्या. त्यांतल्या पुष्कळांना दारच नव्हते: जो फी भरील तो आत. मग कंपन्या तिकडे फिरकेनात, फिरकल्या तर विक्री प्रतिनिधी निवडायला. २०१० नंतर कित्येक संस्था बंद पडल्या. २०१६ साली असोचेम या उद्योगसंघटनेने, नामवंत संस्था वगळता देशातले फक्त ७ टक्के एम.बी.ए. नोकरी देण्याजोगे आहेत असे जाहीर केले. वर्तमानपत्रांनी तो आकडा ठळक छापला. त्या आकड्यावर मी फारसा विसंबणार नाही, कारण नोकरी देण्याजोगा कोण हे ठरवणारा आणि नोकरी नाकारणारा एकच होता. मात्र आकडा कसाही असो, त्यातले वाक्य कोणाच्या तोंडचे आहे ते लक्षात घ्यावे. वर्गात काय शिकवले गेले याची चौकशी करून ते उच्चारलेले नाही. त्याच वर्षी केंद्र सरकारची पहिली राष्ट्रीय क्रमवारी आली. तिच्यात बंगलोरची संस्था व्यवस्थापनात पहिली होती. या क्रमवारीत लौकिक नावाचा एक निकष आहे आणि त्याला १० टक्के वजन आहे. नोकरी देणाऱ्यांचे मत त्यात मोजले जाते. मर्जीला सरकारी शिक्का मिळाला, असे म्हणावे लागेल.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यासाठी या सगळ्यात आणखी एक काठी आडवी असते. तिचे नाव 'कम्युनिकेशन स्किल्स'. गटचर्चेत आणि मुलाखतीत पाहिले जाते ते विचार मांडण्याचे कौशल्य, असे सांगतात. पण मराठीत आपला विचार अत्यंत नेमका मांडणारा मुलगा तिथे गप्प बसतो आणि इंग्रजीत चार गुळगुळीत वाक्ये बोलणारा पुढे जातो, हे पाहिलेले शिक्षक प्रत्येक महाविद्यालयात भेटतील. बॉक्सवाल्यांच्या काटेचमच्यांची जागा उच्चारांनी घेतली आहे. जातीचा आणि वर्गाचा हिशेब या काठीत मुरलेला असतो, म्हणून तो वेगळा दिसत नाही. केंद्रीय संस्थांत २००८ पासून इतर मागास वर्गांसाठी जागा राखीव झाल्या, तेव्हा प्रवेशाचे दार थोडे रुंद झाले. पण डे झीरोच्या खोलीचे दार कंपनीच्या मालकीचे असते, त्याला हा कायदा लागू नाही.

आपण साहित्याचे अध्यापक या गोष्टीकडे वरून पाहू शकत नाही. आपल्यातल्या प्रत्येकाची नेमणूक होताना एम.ए.ला आपण काय वाचले, मर्ढेकरांवर काय लिहिले, हे किती जणांना विचारले गेले? नेट-सेट झाले आहे का, एवढे पाहिले गेले. १९८९ पासून ही परीक्षा आपलीही काठी आहे. तिचा निकाल जाहीर झाला की आपल्या दोन वर्षांच्या वर्गांना मागे पाहून कोणी अर्थ देत नाही. फरक एवढाच की आपल्या दाराबाहेर पगाराची रांग नाही.

स्पेन्सच्या सिद्धान्ताचा सोयीस्कर अर्थ लावून, शिकवण्याला काही किंमत नाही असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्यांत संस्थाचालकही असतात. त्यांच्याशी माझा वाद आहे. नोकरी देणारा एखादी गोष्ट वाचत नाही म्हणून ती लिहिलेलीच नाही, असे होत नाही. चांगल्या वर्गात एखाद्या बुडालेल्या कारखान्याच्या कथेवर ऐंशी मिनिटे वाद घालताना, अपुऱ्या माहितीवर निर्णय घेऊन त्याची जबाबदारी कशी पत्करावी, हे माणूस शिकतो. ते गुणपत्रिकेत येत नाही आणि मुलाखतीच्या वीस मिनिटांतही दिसत नाही. जिथे दाराला नाव आहे तिथे हे शिकवणे दाराच्या सावलीत झाकले जाते, पण विद्यार्थ्याचे नुकसान होत नाही. नोकरी त्याला मिळतेच. जिथे दाराला नाव नाही तिथे मात्र नुकसान पुरते होते. परभणी, सोलापूर, रत्नागिरीसारख्या ठिकाणी एखादा अध्यापक हाच वर्ग तितक्याच मन लावून घेतो. स्थानिक सूतगिरणीची, आंब्याच्या बागायतदाराची, बुडीत पतसंस्थेची उदाहरणे तो स्वतः तयार करतो, मराठीत समजावतो, इंग्रजीत लिहून घेतो. त्याच्या विद्यार्थ्याचा अर्ज पुण्याच्या किंवा मुंबईच्या कचेरीत पोहोचतो तेव्हा पहिल्या ओळीत संस्थेचे नाव असते, आणि अर्ज वाचणाऱ्याचा डोळा तिथेच थांबतो. दुसऱ्या ओळीत त्या विद्यार्थ्याने पतसंस्थेवर केलेल्या प्रकल्पाचे शीर्षक असते.